ब्रह्मावर्तवासी श्रीमंत दुसरे बाजीराव पेशवे

गंगेच्या उजव्या तीरावर, कानपूर शहराच्या वायव्येस वीस-पंचवीस किलोमीटरांवर, बिठूर नावाचे एक लहानसे गाव आहे. भाविक लोक त्यास ब्रह्मावर्त म्हणतात. काशी आणि प्रयाग ह्यांच्या मानाने ह्या क्षेत्राची ख्याती थोडी. तथापि महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपणां मराठी लोकांस ते विशेष विचार करावयास लावणारे आहे. एके काळी ह्याच गावी गंगेच्या काठी एक लहानसे महाराष्ट्र वसले, अडतीस वर्षे नांदले आणि पाहता पाहता नाहीसे झाले. ते वसविणारे पुरुष म्हणजे शेवटचे पेशवे श्रीमंत दुसरे बाजीराव होत.

बाजीरावांचे नाव निघताच राज्य घालविणारा पेशवा एवढीच ओळख बहुतेकांच्या मनात उभी राहते. हा दोषारोप खोटा आहे असे कोणीही म्हणणार नाही. परंतु बाजीराव पेशवाईच्या गादीवर होते ती वर्षे साडेएकवीस, आणि ब्रह्मावर्ती राहिले ती बत्तीस. त्यांच्या आयुष्याचा जो भाग मोठा, तोच लोकांस कमी ठाऊक आहे. ह्या दोन्ही भागांचा एकत्र विचार केल्यावाचून त्या पुरुषाचे मोजमाप पुरे होत नाही, आणि ब्रह्मावर्ताचे महत्त्वही ध्यानात येत नाही.

क्षेत्राचे स्थान व माहात्म्य

गंगा आणि यमुना ह्यांच्या मधील दुआबाचा प्रदेश म्हणजे नद्यांनी आणलेल्या गाळाचे सपाट मैदान. त्यात डोंगर नाही, खडक नाही. मात्र कनोजपासून खाली कानपुरापर्यंत गंगेचा उजवा काठ बराच उंच आहे आणि पावसाच्या पाण्याने त्यास जागोजाग ओघळी पडल्या आहेत. समोरचा डावा काठ सखल असून पुराच्या दिवसांत तेथे दूरवर पाणी पसरते. अशा उंच काठावरील टेकाडांवर मनुष्यवस्ती निर्धास्त राहू शकते. म्हणूनच बिठूर हे फार प्राचीन ठिकाण ठरले. तेथे तांब्याचे भाले व बाणांची टोके सापडली आहेत. ती ऐतिहासिक काळापूर्वीची असून गंगेच्या खोऱ्यात अन्यत्र मिळालेल्या तशाच ताम्रवस्तूंच्या वर्गात मोडतात.

पुराणप्रिय लोकांची श्रद्धा ह्याहूनही मागे जाते. सृष्टी निर्माण केल्यावर ब्रह्मदेवाने येथे अश्वमेध केला आणि त्या अश्वाच्या नालेचा खिळा घाटाच्या पायरीत रुतून राहिला, असे सांगतात. ब्रह्मघाटावर त्या खुंटीची पूजा आजही होते. कार्तिकी पौर्णिमेस येथे स्नानाची मोठी जत्रा भरते. वाल्मीकींचा आश्रम येथेच होता, सीतामाईने येथेच आश्रय घेतला आणि लव-कुशांचा जन्म येथेच झाला, अशीही परंपरा आहे. जवळचेच एक टेकाड ध्रुवाचा टीला म्हणून दाखवितात. मनूने ज्यास ब्रह्मावर्त म्हटले तो सरस्वती आणि दृषद्वती ह्या नद्यांमधील देश निराळा. गंगाकाठच्या ह्या क्षेत्रास ते नाव ब्रह्मदेवाच्या यज्ञकथेमुळे मिळाले, हे येथे ध्यानात ठेवावे.

अठराव्या शतकात हा मुलूख अयोध्येच्या नवाबांकडे होता. नवाबांचे हिंदू मंत्री टिकैतराय ह्यांनी येथे तांबड्या दगडाचा सुंदर घाट बांधिला; तो पत्थर घाट ह्या नावाने प्रसिद्ध आहे. १८०१ साली नवाबाने कानपुराभोवतीचा प्रदेश इंग्रज कंपनीस तोडून दिला. कानपुरास कंपनीची मोठी छावणी होती. १८११ मध्ये जिल्ह्याची कचेरीही बिठुरास आणण्यात आली आणि १८१९ मध्ये ती पुन्हा कानपुराकडे नेण्यात आली. एका बाजूस गंगामाई व पुरातन देवस्थाने, आणि दुसऱ्या बाजूस काही तासांच्या वाटेवर इंग्रजांच्या तोफा, अशी ह्या गावाची स्थिती त्या वेळी होती. पुढील हकीकत समजण्यास ती उपयोगी पडेल.

जन्म आणि बाळपण

बाजीरावांचा जन्म १० जानेवारी १७७५ रोजी माळव्यातील धार येथे झाला. त्या वेळी वडील रघुनाथराव नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा डाग कपाळी घेऊन देशोधडीस लागले होते आणि मातोश्री आनंदीबाई ह्यांनी धारेच्या किल्ल्यात पवारांचा आश्रय घेतला होता. मूल जन्मास आले ते असे परक्या छत्राखाली. १७८३ च्या डिसेंबरात कोपरगावी रघुनाथराव निवर्तले. धाकटे बंधू चिमाजीअप्पा ह्यांचा जन्म त्यानंतर झाला. रघुनाथरावांनी पूर्वी दत्तक घेतलेले अमृतराव हे थोरले बंधू. ह्या सर्वांवर नाना फडणिसांचा पहारा असे. कोपरगाव, आनंदवल्ली आणि अखेरीस जुन्नरचा शिवनेरी किल्ला, असा त्यांचा नजरकैदेचा प्रवास झाला.

बाजीराव बुद्धीने मंद नव्हते. रूप देखणे, वाणी गोड, धर्मशास्त्रात चांगली गती, असा त्यांचा लौकिक होता. परंतु ज्या वयात थोरल्या बाजीरावांनी लष्करात राहून माणसे ओळखावयास शिकली, त्या वयात ह्या नातवाने पहारेकऱ्यांच्या तोंडाकडे पाहून आपला बेत लपविण्याची विद्या संपादिली. कोणावरही विश्वास न टाकणे आणि प्रत्येकास गोड बोलून वेळ मारून नेणे हा स्वभाव तेथेच घडला. पुढे त्यांच्या हातून जे झाले त्याचे समर्थन ह्यामुळे होत नाही. पण त्याचे मूळ कोठे होते ते समजते.

पुण्यातील साडेएकवीस वर्षे

१७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्यातील सज्जावरून पडून मृत्यू पावले. त्यांस संतान नव्हते. गादीसाठी वर्षभर कारस्थाने चालली आणि १७९६ च्या डिसेंबरात बाजीरावांस पेशवाईची वस्त्रे मिळाली. ज्या नाना फडणिसांनी त्यांस कैदेत ठेविले, त्यांच्याच साहाय्याने ते गादीवर बसले आणि लगेच त्यांच्याच विरुद्ध मसलती करू लागले. १३ मार्च १८०० रोजी नाना वारले. त्यानंतर पुण्याच्या दरबारास धाक वाटावा असा मनुष्य उरला नाही.

१८०१ च्या एप्रिलात बाजीरावांनी विठोजी होळकर ह्यांस हत्तीच्या पायी देऊन मारविले. हे कृत्य क्रूर होते, आणि राजकारणाच्या दृष्टीनेही फार महाग पडले. विठोजींचे बंधू यशवंतराव होळकर पुण्यावर चालून आले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ शिंदे व पेशवे ह्यांच्या फौजेचा त्यांनी मोड केला. बाजीराव कोकणात उतरले आणि अखेरीस वसईस इंग्रजांच्या आश्रयाला गेले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी तेथे झालेल्या तहाने त्यांनी कंपनीची फौज आपल्या खर्चाने पोसण्याचे आणि परराष्ट्रांशी कंपनीच्या संमतीवाचून बोलणे न करण्याचे मान्य केले. १८०३ च्या मे महिन्यात इंग्रजांनी त्यांस पुण्याच्या गादीवर पुन्हा बसविले. मराठ्यांचे स्वातंत्र्य ज्या दिवशी गहाण पडले तो दिवस खडकीचा अथवा आष्टीचा नसून वसईचा होय, असे इतिहासाचे अभ्यासक मानतात ते यथार्थ आहे.

पुढील बारा-तेरा वर्षे बाहेरून शांततेची गेली. बाजीरावांनी पुण्यात विश्रामबागवाडा बांधविला, दानधर्म केला, श्रावणमासाची दक्षिणा वाटली, तीर्थयात्रा केल्या. मात्र महसूल गोळा करण्याचे काम मक्त्याने देण्याची रीत त्यांच्या कारकीर्दीत फार वाढली. जो अधिक रक्कम बोले त्यास मामलत मिळे आणि तो ती रयतेपासून वसूल करी. जुने सरदार दुखावले गेले आणि त्र्यंबकजी डेंगळ्यांसारखे मर्जीतील लोक वर आले. १८१५ च्या जुलैत बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन ह्यांचा पंढरपुरी खून झाला. साक्षात विठ्ठलाच्या क्षेत्रात, कंपनीच्या हमीवर आलेल्या ब्राह्मण वकिलाचा वध झाल्याने सर्वत्र हाहाकार उडाला. इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन ह्याने त्र्यंबकजीस दोषी धरून स्वाधीन करून घेतले. तो ठाण्याच्या कैदेतून पळाला तेव्हा बाजीरावांवरील संशय वाढला, आणि १८१७ च्या जूनमध्ये आणखी मुलूख व अधिकार सोडण्याचा तह त्यांच्यावर लादण्यात आला.

आता मात्र बाजीरावांनी शस्त्र उचलले. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीस लढाई झाली. बापू गोखल्यांनी सैन्य चालविले, श्रीमंत पर्वतीवरून पाहत होते. पुढे येरवड्याजवळ पुन्हा गाठ पडली आणि १७ नोव्हेंबरास शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव येथे चकमक झाली. फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजूस आष्टी येथे बापू गोखले लढता लढता पडले आणि साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती गेले. छत्रपतींवाचून पेशव्याच्या फौजेस आता ना नाव उरले, ना आधार.

अशीरगडापासून गंगेपर्यंत

त्यानंतरचे तीन-चार महिने बाजीराव दक्षिणेत आणि वऱ्हाडात फिरत होते. प्रत्येक मुक्कामास फौज कमी होत होती. अखेरीस अशीरगडाजवळ सर जॉन माल्कम ह्याच्याशी बोलणे होऊन ३ जून १८१८ रोजी ते त्याच्या स्वाधीन झाले. पुण्याच्या गादीवरील आपला व आपल्या वंशजांचा हक्क कायमचा सोडावा, दक्षिणेत पुन्हा येऊ नये आणि कंपनी ठरवील त्या ठिकाणी उत्तर हिंदुस्थानात राहावे, अशा अटी होत्या. त्याच्या मोबदल्यात त्यांच्या व कुटुंबाच्या निर्वाहार्थ सालीना आठ लाख रुपयांहून कमी नाही असा तनखा मिळावयाचा होता. गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज ह्यास ही रक्कम फार वाटली. परंतु माल्कमने दिलेला शब्द मोडता येईना.

मुक्कामाचे ठिकाण कोणते हा प्रश्न उरला. बाजीरावांची इच्छा काशीवासाची होती. काशी म्हणजे सर्व देशातील लोकांचे येण्याजाण्याचे स्थान. तेथे पदच्युत पेशव्यास ठेवणे कंपनीस धोक्याचे वाटले. चिमाजीअप्पांस मात्र काशीस पाठविण्यात आले. अमृतराव ह्यापूर्वीच बुंदेलखंडात चित्रकूटाजवळ करवी येथे जहागीर व तनखा घेऊन राहिले होते. त्र्यंबकजी डेंगळ्यास गंगाकाठच्याच चुनारच्या किल्ल्यात बंदीत टाकिले आणि तो तेथेच मेला. बाजीरावांसाठी बिठूर ठरले. गंगातीर आणि तीर्थक्षेत्र असल्याने श्रीमंतांची धर्मबुद्धी संतुष्ट झाली, आणि कानपूरची छावणी जवळ असल्याने कंपनीची काळजी मिटली. १८१९ च्या आरंभी बाजीराव ब्रह्मावर्ती पोहोचले. त्या वेळी त्यांचे वय ४४ वर्षांचे होते.

गंगातीरीची बत्तीस वर्षे

श्रीमंतांबरोबर देशोदेशीचे आश्रित आले, आणि मागाहून येतच राहिले. कारकून, शागीर्द, वैदिक, शास्त्री, पुराणिक, वैद्य, गवई, शिलेदार आणि त्यांची कुटुंबे अशी हजारो माणसे बिठुरास जमली. कोकणातील आणि देशावरील घराणी घरदार सोडून, शेकडो कोसांची वाट तुडवून येथे येऊन राहिली. कंपनीने श्रीमंतांस येथे एक लहान जहागीर तोडून दिली होती. तीत कंपनीच्या सामान्य न्यायालयांचा अंमल चालत नसे. त्यामुळे आपल्या माणसांचे तंटे आपणच मिटवावे एवढी सत्ता बाजीरावांस राहिली. पूर्वी दिल्ली-दरबारापर्यंत ज्यांच्या घराण्याचा शब्द चाले, त्यांस आता एका खेड्यापुरता अंमल उरला.

कंपनीचा एक कमिशनर सदैव त्यांच्यावर नजर ठेवून असे. पहिला कमिशनर जॉन लो आणि शेवटचा मॅन्सन. काशी-प्रयागास यात्रेला जावयाचे झाले तरी कंपनीची परवानगी लागे. बरोबर माणसे किती न्यावयाची, वाटेत कोणास भेटावयाचे, ह्याचाही विचार होई. सरकारी लिहिण्यात पेशवे हे पद कधीच वापरीत नसत. महाराज म्हणून उल्लेख होई. ब्रह्मावर्ताच्या गल्लीतील मराठी माणसाच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत श्रीमंत हाच शब्द राहिला.

बाजीरावांचा दिनक्रम स्नानसंध्या, देवपूजा, पुराणश्रवण, ब्राह्मणभोजने ह्यांत जात असे. घाटांची व मंदिरांची त्यांनी डागडुजी करविली. वाल्मीकि-आश्रमाच्या जागी आज जे मंदिर दिसते त्याचा जीर्णोद्धार त्यांच्याच काळचा मानतात. त्या आवारात दिवे लावण्यासाठी कोनाडे ठेविलेला एक उंच मनोरा आहे. आपल्याकडील देवळांपुढे असणाऱ्या दीपमाळेची आठवण त्याने सहजच होते. उत्तरेकडील देवळांत असा प्रकार विरळा. दूरदेशी गेलेला मनुष्य आपल्या गावचे देऊळ मनात घेऊन जातो, त्याची ही खूणच म्हणावयाची.

ह्या काळातही त्यांचे दोष गेले नव्हते. लग्ने अनेक झाली. पहिल्या संसारातील पुत्र अल्पायुषी ठरले आणि उतारवयात दोन मुली मात्र झाल्या. खर्चास ताळ नव्हता आणि आश्रितांतील हेव्यादाव्यांस अंत नव्हता. कंपनीशी मात्र त्यांनी शब्द पाळिला. अफगाण युद्धात कंपनीची तिजोरी रिकामी झाली तेव्हा त्यांनी पाच लाख रुपये कर्जाऊ दिले, आणि पंजाबातील युद्धाच्या वेळी एक हजार स्वार व एक हजार पायदळ आपल्या खर्चाने देण्याची तयारी दाखविली. ज्यांनी राज्य घेतले त्यांसच पैसा देणे हे वाचून आज मन खिन्न होते. पण ज्याच्या पाठीशी हजारो आश्रितांचा संसार आणि ज्याचे सर्व उत्पन्न धन्याच्या मर्जीवर, त्यास दुसरी वाट कोणती होती, हेही मनात आल्यावाचून राहत नाही.

औरस पुत्र नसल्याने बाजीरावांनी १८२७ मध्ये कर्जतजवळील वेणगावच्या माधवराव नारायण भट ह्यांचे पुत्र धोंडोपंत ह्यांस दत्तक घेतले. हेच पुढे नानासाहेब पेशवे म्हणून प्रसिद्धीस आले. येवल्याचे पांडुरंगपंत टोपे श्रीमंतांबरोबर आले होते. त्यांचे पुत्र रामचंद्र ऊर्फ तात्या टोपे ब्रह्मावर्तीच वाढले. काशीस चिमाजीअप्पांच्या पदरी असलेले मोरोपंत तांबे, अप्पा १८३२ साली निवर्तल्यावर, आपल्या लहानग्या कन्येसह येथे आले. ती कन्या मनकर्णिका. १८४२ मध्ये झाशीचे गंगाधरराव नेवाळकर ह्यांच्याशी तिचा विवाह झाला आणि ती लक्ष्मीबाई झाली. घोड्यावर बसणे, तलवार फिरविणे हे तिने ब्रह्मावर्तीच्या वाड्यातील मुलांबरोबर शिकले, असे परंपरा सांगते.

येथे एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. खडकीच्या दिवशी पर्वतीवरून लढाई पाहणाऱ्या पुरुषाच्या अंगणात, अवघ्या चाळीस वर्षांनी इंग्रजी सत्तेस हादरविणारी तीन माणसे लहानाची मोठी झाली. त्यांचे पराक्रम बाजीरावांच्या नावे जमा करणे योग्य नव्हे. परंतु त्यांस एकत्र आणणारे छत्र, अन्न आणि जुन्या राज्याची आठवण ही त्या वाड्याने पुरविली, हे नाकारता येणार नाही. जो स्वतः लढला नाही त्याच्या घरात लढण्याची आठवण मात्र जिवंत राहिली.

तनखा बंद झाला

२८ जानेवारी १८५१ रोजी, ७६ वर्षांचे होऊन, बाजीराव ब्रह्मावर्ती गंगातीरी कैलासवासी झाले. तनखा ठरविताना हा मनुष्य फार दिवस जगणार नाही, असा कंपनीच्या मुत्सद्द्यांचा अंदाज होता. तो सपशेल चुकला होता. बत्तीस वर्षांत अडीच कोटींच्या आसपास रुपये त्यांच्यावर खर्च झाले होते. कंपनीने आता हिशोब पुरा केला. तनखा व्यक्तीपुरता होता, असे लॉर्ड डलहौसीच्या सरकारने ठरविले आणि नानासाहेबांस तो नाकारला. तह कुटुंबाच्या निर्वाहासाठी होता आणि राज्य मात्र कायमचे घेतले, मग मोबदला एका आयुष्यापुरता कसा, असा नानासाहेबांच्या अर्जाचा आशय होता. १८५३ मध्ये अजीमुल्लाखान हा त्यांचा वकील विलायतेस गेला, परंतु तेथेही दाद लागली नाही.

पुढील इतिहास सर्वांस ठाऊक आहे. १८५७ च्या जूनमध्ये कानपुरास उठाव झाला आणि नानासाहेब त्याचे पुढारी झाले. घाटावर आणि बिबीघरात इंग्रज स्त्रीपुरुषांची व मुलांची जी कत्तल झाली ती कोणत्याही धर्मास शोभणारी नव्हती. आणि त्यानंतर इंग्रजी फौजांनी निरपराध रयतेचा जो सूड घेतला तोही तितकाच अमानुष होता. १७ जुलैस जनरल हॅवलॉकने कानपूर घेतले. नानासाहेब नावेने गंगा उतरून गेले. १९ जुलैस इंग्रजी तुकडी बिठुरास आली आणि तिने पेशव्यांचा वाडा उद्ध्वस्त केला. १६ ऑगस्टला गावात पुन्हा लढाई झाली. डिसेंबरात इंग्रजांनी वाड्याच्या विहिरी उपसून त्यांत दडविलेले द्रव्य काढून नेले.

लक्ष्मीबाई १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेरीस पडल्या. तात्या टोपे ह्यांस १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरी येथे फाशी देण्यात आले. नानासाहेब नेपाळच्या तराईत गेले ते परतले नाहीत. त्यांचे पुतणे रावसाहेब पुढे पकडले गेले आणि १८६२ साली कानपूर जिल्ह्यात त्यांस फाशी दिले. ब्रह्मावर्तीची मराठी घराणी जीव घेऊन चहूकडे पांगली. मागे राहिली ती थोडकी.

विचार करण्याजोगे

बाजीरावांच्या चरित्राचा निवाडा करताना दोन टोकांस जाण्याचा मोह होतो. एक म्हणजे सर्व दोष त्यांच्या माथी मारून मोकळे होणे. वास्तविक सरदारांतील दुही, रिकामी तिजोरी आणि कंपनीची शिस्तबद्ध सत्ता ही संकटे त्यांच्या आधीपासूनची होती. दुसरा मोह म्हणजे गंगातीरीचा दानधर्म पाहून पुण्यातील पापे विसरणे. विठोजीचा वध, मक्त्याखाली पिळली गेलेली रयत आणि वसईचा तह ह्यांचे क्षालन गंगास्नानाने होत नाही. राज्यकर्त्याचा धर्म हा प्रजापालनाचा. तो चुकला तर अन्नछत्राने भरून येत नाही.

पण आपणांस अधिक जवळचा विषय आहे तो ब्रह्मावर्तीच्या वस्तीचा. हजारो माणसे, देवळे, पाठ, उत्सव, पंक्ती हे सर्व एका पुरुषाच्या आठ लाखांवर उभे होते. त्या पुरुषाचे डोळे मिटताच पाया निखळला. सहा वर्षांनी वाडाही गेला. काशीतील मराठी वस्ती ह्याहून जुनी. तेथे सत्ता कोणाचीही आली तरी ब्रह्मघाट, दुर्गाघाट ह्या भागांतील मराठी घराणी आपल्या विद्येवर, उपाध्येपणावर आणि लहानमोठ्या उद्योगांवर टिकून राहिली, कारण त्यांचा आधार एकच एक नव्हता. एका धन्याच्या सावलीत वाढलेली वस्ती धन्याबरोबर जाते. पुष्कळांनी थोडेथोडे उचललेले ओझे पिढ्यान्‌पिढ्या चालते. परमुलखात आपली भाषा आणि आपले सण जतन करणाऱ्या प्रत्येक समाजाने हे मनात वागवावे.

तथापि ब्रह्मावर्त अगदीच विसरले गेले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस श्रीवासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी ह्यांनी येथे एकाहून अधिक चातुर्मास केले आणि दत्तभक्तांच्या तोंडी ह्या क्षेत्राचे नाव पुन्हा रुळले. आज बिठुरास नानाराव पेशव्यांचे स्मारक आहे. वाड्याच्या जागी जुन्या विहिरी आणि थोडे अवशेष दाखवितात. मंधन्याहून निघणाऱ्या लोहमार्गाच्या फाट्यावरील येथील स्थानकासही ब्रह्मावर्त हेच नाव आहे. ब्रह्मदेवाच्या खुंटीस वंदन करून यात्रेकरू घाटाच्या पायऱ्या चढतो तेव्हा त्याने वाल्मीकि-मंदिराच्या आवारातील तो मनोराही अवश्य पाहावा. तेथे दिवे लावणारी माणसे पुण्याहून, कोकणातून, नाशिक-येवल्याकडून आली होती. राज्य गेल्यावरही देवापुढे दिवा लावण्याचे त्यांनी सोडिले नाही, एवढे त्यांचे ऋण मानून आपण पुढे जावे.